आधी डोळे, मग कान, मग कागद

पत्र : मराठवाड्यातल्या एका अनुदानित शाळेत मी पाचवी ते दहावीला मराठी शिकवते. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी ‘दिव्यांग मुलांचं काम आता तुमच्याकडे’ म्हणत एक फाइल हातात ठेवली. आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत. गटसाधन केंद्रातून एक जण अधूनमधून येऊन जातात. वर्गशिक्षकांकडून नावं मागवली तर सव्वीस आली. वाचता न येणारी, गणितात कच्ची, दंगा करणारी, ऊसतोडीला जाणाऱ्यांची सहा-सात मुलं, सगळी एकाच यादीत. सरांना यू-डायससाठी, म्हणजे सरकारकडे भरायच्या शाळेच्या माहितीसाठी, आकडा हवाय. दोन मुलांना तपासणीला पाठवलं. एकाला कागद अपुरे म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याचा अहवाल आला तो कपाटात पडून आहे. दहावीतल्या एका मुलाचे वडील परीक्षेत उत्तरं लिहून द्यायला लेखनिक द्या म्हणून रोज येतात. एका मुलीच्या आईने ‘माझी पोरगी वेडी आहे का?’ म्हणून मला चारचौघांत सुनावलं. गणिताचे सर म्हणतात, हे सगळे पास व्हायचे धंदे आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, सव्वीस नावं आली म्हणजे सव्वीस मुलं दिव्यांग निघाली असं मुळीच नाही. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपली डोकेदुखी तुमच्या टेबलावर आणून ठेवली, इतकाच त्याचा अर्थ. यादी टाकून मात्र देऊ नका. तिच्यात चार-पाच प्रकारची मुलं मिसळली आहेत आणि प्रत्येक प्रकाराचं दार वेगळं आहे. कोणतं मूल कोणत्या दाराशी न्यायचं, सोबत काय प्रश्न पाठवायचा आणि मिळालेलं उत्तर वर्गापर्यंत कसं आणायचं, हे तुमचं काम. प्रमाणपत्र हा त्यातला एक टप्पा झाला, आणि सगळ्यांना तो लागतही नाही.

यू-डायसचा आकडा सरांना मिळेल, पण निदान झालेल्या मुलांचाच द्या. नुसत्या शंकेवरून ‘अध्ययन अक्षमता’च्या (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) रकान्यात खूण करू नका. शंकेची नावं वेगळ्या वहीत ठेवा आणि ती वही कुलपात ठेवा.

हे काम तुम्ही एकटीने करायचं, असं कायदाही म्हणत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. ही अडचण लवकरात लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवणं हे त्याच कायद्याच्या कलम १६ ने शाळेचं काम ठरवलं आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेत तपासणी समिती असावी, शिक्षकाने प्राथमिक चाचणी करावी, समितीने मुलाशी आणि पालकांशी बोलावं आणि मगच पुढे पाठवावं, असा क्रमच घालून दिला. तेव्हा पहिला कागद सरांच्या सहीचा : समितीत कोण कोण आणि महिन्यातून कधी बसायचं. तो हातात आला की ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणायची सोय कुणालाच उरत नाही.

आता यादी. सगळ्यात आधी डोळे आणि कान. ऐकायला फारच साधं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं, कारण शाळेला वाटतं दवाखान्यात बघतील आणि दवाखान्याला वाटतं शाळेने बघितलं असेल. फळ्यावरून चुकीचं उतरवणारा मुलगा तेच पुस्तकातून बरोबर उतरवतो का, एवढं पाहा. उतरवत असेल तर त्याला पहिल्यांदा चष्म्याच्या डॉक्टरांकडे पाठवा. कानाचं तर विचारूच नका. पावसाळ्यात कान वाहणारी मुलं आपल्याकडे प्रत्येक वर्गात सापडतात, आणि घरी ‘वाहतोय, होईल बरा’ म्हणून सोडून देतात. पाठमोरं असताना हाक मारली तर वळत नाही, श्रुतलेखनात शब्दाचं शेवटचं अक्षर गाळतो, शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो. असं मूल ‘लक्ष नाही’ या सदरात वर्षानुवर्षं पडून राहतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं. ते कधी येणार ते ग्रामीण रुग्णालयात विचारून ठेवा आणि त्या दिवशी ही सव्वीस मुलं हजर राहतील असं पाहा. एरवी पथक येऊन वजन-उंची घेऊन जातं आणि नेमकी हीच मुलं गैरहजर असतात.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल जरा सविस्तर लिहिते. दिवाळी झाली की आईबापांच्या मागे गेलेलं पोर उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. वर्षाचा निम्मा अभ्यास त्याने पाहिलेलाच नसतो. त्यात घरी बंजारा समाजाची गोरबोली बोलत असतील तर पुस्तकातली मराठी त्याची दुसरी भाषा. अशा मुलाला वाचता आलं नाही तर ती शिकायला न मिळाल्याची गोष्ट आहे, आणि शिकायची संधीच न मिळालेल्या मुलावर अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारता येत नाही. त्याला चाचणी नको, शिकवणी हवी. पण म्हणून सरसकट सगळ्यांची नावं काढूनही टाकू नका. अशा वेळी मी तुलना वर्गातल्या घरी राहणाऱ्या मुलांशी करत नाही. त्याच तांड्यावरची, त्याच मुकादमाच्या टोळीबरोबर जाणारी, तितकीच शाळा बुडालेली बाकीची मुलं बघते. ती अडखळत का होईना वाचायला लागली आणि हा एकटाच अक्षरं विसरतोय, तर त्याचं नाव यादीत राहू द्या. आणि त्याची तपासणी गावात असतानाच उरकून घ्या. दिवाळीनंतरची तारीख मिळाली तर ती वाया गेलीच म्हणून समजा.

दंगा करणाऱ्यांपैकी काहीजण वाचायची वेळ आली की नेमके दंगा करतात. कोणत्या तासाला आणि कोणत्या कामाच्या वेळी, एवढं आठवडाभर टिपलंत तर निम्मे कोडे सुटते.

आता उरलेली मुलं. यांच्यासाठी मोठा पुरावा तुमच्याच हातात आहे, तो म्हणजे वह्या. ‘वाचन कच्चे’ एवढं लिहून पाठवलेल्या मुलाबद्दल समोरच्याला काहीच कळत नाही. वहीत काय दिसतं ते लिहा. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, तुमच्याइतकं बारीक हे कुणाला दिसणार? ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सोडून द्या, त्या तर आपण सगळेच करतो. बघायचं ते असं : काना-मात्रा गळतात का, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते का, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल सातवीतही होते का, ‘पुस्तक’चं ‘पुतस्क’ होतं का, रफार भलत्याच अक्षरावर बसतो का. तोंडी गोष्ट छान सांगणारा मुलगा तीच लिहायला बसला की तीन ओळींत थांबतो का. गणिताच्या वहीत त्रेचाळीस ऐकून ३४ लिहितो का. इथे थोडं जपून. आपल्या संख्यानामांत एकक आधी बोललं जातं आणि लिहायचं असतं शेवटी, त्यामुळे दुसरी-तिसरीत हे पुष्कळ मुलांचं होतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात तेवीसला ‘वीस तीन’ म्हणायची वाट आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण वर्गात उभं राहणाऱ्यांना तिच्यामागची अडचण ठाऊक होती. आठवीतल्या मुलाचं हेच चालू असेल तर मात्र नोंद करा.

प्राथमिक चाचणीसाठी एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप आहे. त्यातला पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो. तुम्ही सगळ्यांच्या वतीने एकटीने भरत बसू नका, दिवसातले सहा तास त्या मुलाला जो बघतो त्यालाच ते उमगतं. पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेलं ‘डाली’ हे साधन मराठीतही आहे, त्याची चौकशी गटसाधन केंद्रातल्या तज्ज्ञांकडे करा. ॲपने लाल खूण दाखवली की निदान झालं असं कुणी समजू नये. एवढंच की या मुलाला पुढे पाठवायला हरकत नाही.

मुलगा परत का आला, ते मी तुमचं पत्र वाचतानाच ओळखलं. बहुधा आधारकार्डाची प्रत आणि दोन फोटो घेऊन गेला असेल. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो, तो आधी करा. आणि अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला मुलाबरोबर शाळेचं एक पान जाऊ द्या. त्यात मुलगा या शाळेत कधीपासून आहे, आधीच्या शाळा, हजेरी, घरची भाषा, शिकण्याचं माध्यम, डोळे-कान तपासल्याची तारीख, वर सांगितलेल्या चुका नमुन्यांसह आणि शाळेने आजवर काय करून पाहिलं. सोबत मागच्या दोन वर्षांची गुणपत्रकं आणि वहीच्या चार पानांच्या झेरॉक्स. सुधारून दिलेली पानं नकोत, मुलाने स्वतः लिहिलेली, लाल शाईसकट.

शेवटी एक प्रश्न नक्की लिहा. ‘कृपया तपासणी करावी’ हा काही प्रश्न होत नाही. ‘तोंडी समजतं, लिहिताना अडतं, हे वाचनातून येतं की हाताच्या हालचालीतून?’ असं विचारलंत तर उत्तरही त्या तोडीचं येतं. अर्ध्या तासात मुलाला बघणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला तुमच्या वर्षभराच्या निरीक्षणाएवढी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

तपासणीत काय होतं ते पालकांना सांगता यावं म्हणून थोडक्यात. बालरोगतज्ज्ञ डोळे, कान आणि मज्जासंस्था बघतात. मग बुद्ध्यांक काढतात. बिने-कामत चाचणीचं नाव अहवालात दिसेल, व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बुद्ध्यांक ८५ च्या वर आला की अध्ययन अक्षमतेची चाचणी होते, बहुतेक वेळा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेली. ती मुळात इंग्रजीवर बेतलेली आहे, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाचं वाचन-लेखन मराठीतच तपासावं, अशी ठळक ओळ तुमच्या पानावर असू द्या. हे सगळं एका फेरीत आटोपत नाही. पालकांना तसं आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी रोज बुडवून आलेला बाप दुसऱ्या तारखेला फिरकत नाही. २०१८ च्या सूचनांप्रमाणे आठ वर्षांखालच्या मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासावं लागतं. मार्च २०२४ मध्ये या सूचना सुधारल्या गेल्या, तेव्हा तारीख घेतानाच काय काय आणायचं ते फोनवर विचारून लिहून घ्या.

गटस्तरावरच्या मोजमाप शिबिराची आणि याची गल्लत करू नका. तिथे कुबड्या, तीनचाकी, श्रवणयंत्रं यांच्यासाठी मापं घेतात. वाचन अडणाऱ्या मुलाला त्या रांगेत दिवसभर उभं करून काही हाती लागत नाही.

बुद्ध्यांक सत्तर आणि पंच्याऐंशीच्या मधे येणारी मुलंही यादीत सापडतील, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच मुलांची वाटते. ती बौद्धिक अक्षमतेत बसत नाहीत आणि अध्ययन अक्षमतेतही नाहीत. त्यांना प्रमाणपत्र नाही, सवलत नाही आणि रुग्णालयाच्या लेखी ती ‘तशी ठीक’ असतात. शाळेच्या लेखी ती ‘ढ’. त्यांच्यासाठी जे करायचं ते वर्गातच : थोडं थोडं द्यायचं, पुन्हा पुन्हा द्यायचं, पाठ सुरू होण्याआधी नवे शब्द सांगायचे, पेपरआधी तोंडी उजळणी घ्यायची. याला कुणाच्या सहीची गरज नाही. खरं तर सव्वीसपैकी एकाही मुलासाठी हे सुरू करायला अहवालाची वाट पाहायला नको. तपासणीची तारीख तीन महिन्यांनी असेल, तर ते तीन महिने मुलाने वर्गात बसून काय करायचं?

त्या मुलीच्या आईकडे वळते. त्यांनी चारचौघांत सुनावलं असं लिहिता, पण बहुतेक त्यांना ती बातमीही चारचौघांतच कळली होती. वर्गासमोर किंवा पालकसभेत हा विषय काढू नका, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर अजिबात नको. त्यांना एकट्यांना बोलवा, किंवा जमलं तर घरी जा. सुरुवात मुलीला काय येतं तिथून करा, आणि ते खरं असू द्या. पालकांना तोंडदेखलं कौतुक लगेच कळतं. मग वही उघडून दाखवा आणि म्हणा, ‘वहिनी, हिला समजतं सगळं, पण कागदावर उतरताना इथे अडतं. का अडतं ते बघायला डॉक्टरांना दाखवू या. चष्म्याचा नंबर काढतो तसंच.’ ‘वेडी’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला तर स्पष्ट नाही म्हणा आणि पुढे जा, त्यावर व्याख्यान नको. लग्नाच्या वेळी कागद आडवा येईल ही भीती पुष्कळ आयांना असते, त्या ती बोलत नाहीत. तुम्हीच काढा, आणि प्रमाणपत्र त्यांच्या घरी राहतं, कुणाला दाखवायचं ते त्याच ठरवतील, हे सांगा. लेखी संमतीशिवाय मुलीला कुठेही पाठवू नका. नाहीच म्हणाल्या तर वर्गातली मदत तशीच चालू ठेवा आणि दिवाळीनंतर परत विचारा.

कपाटातला अहवाल उद्याच काढा. इंग्रजीत असेल, आकडे असतील, घाबरून जाऊ नका. शेवटचं पान आधी वाचा, शिफारशी तिथे असतात. त्यातल्या तीन गोष्टी निवडा, मराठीत एकेका ओळीत लिहा आणि पालकांना विचारून त्या मुलाला शिकवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. ‘ऐकलेलं थोडा वेळच लक्षात राहतं’ असं असेल तर ओळ अशी होईल : सूचना एका वेळी एकच द्यायची, गृहपाठ फळ्यावर लिहायचा, त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. बुद्ध्यांकाचा आकडा शिक्षक-खोलीत सांगायचा नाही. शिफारस मोघम असेल तर अहवाल देणाऱ्यांना फोन करून एवढंच विचारा, ‘उद्या सकाळी माझ्या तासाला मी काय बदलू?’ बरेच जण आनंदाने सांगतात, कारण शाळेतून असा फोन त्यांना फारसा येतच नाही.

दहावीतला मुलगा. त्याच्या वडिलांवर चिडू नका, त्यांना दहावीपर्यंत कुणी काही सांगितलंच नाही. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना १९९६ पासून सवलती आहेत : जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, काही मुलांना गणकयंत्र. पण त्या प्रमाणपत्रावर आणि विभागीय मंडळाच्या मंजुरीवर मिळतात, मुख्याध्यापकांच्या शब्दावर मिळत नाहीत. बोर्डाचे फॉर्म दिवाळीच्या आगेमागे भरले जातात, तेव्हा त्याची तारीख यादीत सगळ्यात वर घ्या आणि मंजुरीचा प्रस्ताव तुमच्या विभागीय मंडळाकडे कुठल्या नमुन्यात जातो ते आत्ताच विचारून ठेवा. वेळेत होईलच असं आश्वासन वडिलांना देऊ नका.

दरम्यान एक काम मात्र आजपासून. लेखनिक मिळाला तरी त्याला सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कसब आहे. मनातलं उत्तर वाक्यावाक्याने सांगायचं, मधे थांबायचं, ‘नवीन परिच्छेद’ म्हणायचं, भूमितीची आकृती शब्दांत सांगायची. सराव नसलेला मुलगा परीक्षेत लेखनिकाकडे नुसता बघत बसतो. नववीतला एखादा समजूतदार विद्यार्थी शोधा आणि दोघांना घटक चाचणीला एकत्र बसवा. परवानगी आलीच नाही तरी तोंडी मांडायची सवय वाया जात नाही. आणि सातवी-आठवीतली नावं आत्ताच हाती घ्या, म्हणजे दोन वर्षांनी दुसरे वडील दाराशी उभे राहणार नाहीत.

राहिले गणिताचे सर. त्यांच्याशी वाद घालू नका, कायद्याची कलमंही ऐकवू नका. तुमच्या यादीत गणितात नापास होणारा पण हिशेबात पक्का असा एखादा मुलगा असेलच, बाजारात वडिलांच्या गाड्यावर सुटे पैसे चटकन परत देणारा. त्याला सरांसमोर बसवा. आधी पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण त्याला स्वतः वाचून सोडवू द्या. मग तसंच दुसरं उदाहरण सरांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्याने उत्तर तोंडी द्यायचं. तुम्ही मधे काही बोलू नका. सर काय म्हणाले ते मला जरूर कळवा.